अमेरिकन उपनगरं: मोटारीनं माणूस सुटला की अडकला?

वाटसरू (धागाकर्ता)
आई सध्या न्यू जर्सीला आमच्याकडे आहे. परवा कोथिंबीर संपली म्हणून पिशवी घेऊन निघाली. आमच्या कॉलनीचा फुटपाथ पहिल्या वळणालाच संपतो. मग लोकांच्या लॉनच्या कडेकडेनं चालायला लागली, तर एका बाईनं गाडी बाजूला घेऊन काच खाली केली आणि विचारलं, काही मदत हवी का? आई तशीच माघारी. म्हणाली, "पायी चालणारा माणूस अडचणीत सापडलाय, असंच धरून चालतात का रे इथे?"

माझं मत: हे दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीनं घडवलं. १९४५ मध्ये अमेरिकेत अडीच कोटींच्या आसपास खाजगी मोटारी होत्या, १९६० पर्यंत सहा कोटी. १९५६ च्या कायद्यानं ४१,००० मैलांचे महामार्ग मंजूर झाले, ९० टक्के खर्च केंद्राचा. त्याच वर्षी मिनेसोटात साउथडेल हा बंदिस्त मॉल उघडला, चहूबाजूंनी पार्किंग. गावातली पेठ ओस पडायला आणखी काय लागतं?

चाळकरी
सहमत नाही. आईंसाठी वाईट वाटलं, पण युद्धावरून परतलेले सैनिक तेव्हा सासू-सासऱ्यांच्या घरात संसार थाटून बसले होते. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या बटाट्याच्या शेतांत लेविटाउन ही नवी उपनगरी वसाहत उभी राहू लागली, १९५१ पर्यंत १७,००० हून जास्त घरं. १९४९ चा भाव ७,९९० डॉलर, माजी सैनिकाला सुरुवातीला खिशातून काही भरायचं नाही. माझं लहानपण गिरगावात एका खोलीत सात माणसांत गेलंय, संडासाला रांग. स्वतःचं अंगण मिळणार असेल तर तासभर स्टिअरिंग धरायला मी एका पायावर तयार!

आणि गंमत म्हणजे लेविटाउनच्या पहिल्या घरांना गॅरेजच नव्हतं. वस्तीतच दुकानं, पोहायचे तलाव. मोटारीला उगाच खलनायक करू नका.

वाटसरू
१९५० च्या घरांना कारपोर्ट (गाडीसाठी छप्पर) आलाच की, तीन वर्षांत! आणि ते अंगण कुणाच्या वाट्याला? घरात गाडी एक, ती सकाळी नवरा नेणार. बायको पोरांसकट दिवसभर तिथेच. दुसरी गाडी आली तेव्हा बाई सुटली म्हणतात. सुटली कसली, पोरांची ड्रायव्हर झाली.

खबरी
शहरांतल्या ट्राम जनरल मोटर्स या मोटार कंपनीनं बंद पाडल्या, ते कुणीच लिहीत नाही?

चाळकरी
कारण ते अर्धसत्य आहे. १९४९ मध्ये कंपनी दोषी ठरली ती बससेवांना माल विकण्यात मक्तेदारीचा कट केल्याबद्दल. ट्रामवाले आधीच मेटाकुटीला आले होते. त्यांना भाडं वाढवू दिलं जात नव्हतं आणि रुळांवर मोटारी उभ्या.

दप्तरी
तुमचं अंगण-गॅरेज चालू द्या, पण करारपत्र कुणी वाचलंय का? लेविटाउनच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये असं कलमच होतं, आणि कर्जाला हमी सरकारची. असली बंधनं कोर्टानं अमलात आणू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८ मध्ये आला, पण विक्री गोऱ्यांनाच चालू राहिली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेविटाउनात (त्याच नावाची दुसरी वसाहत) मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तर घराबाहेर जमाव जमला आणि दगडांनी काचा फुटल्या. महामार्ग कुणाच्या दारावरून गेले तेही बघा. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातली रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती आय-९४ महामार्गानं मधोमध चिरली. त्यामुळे 'मोटार की माणूस' हा वादच मला अर्धवट वाटतो. घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे हे नियमात लिहिलं ते नगरपालिकांनी, इंजिनानं नाही.

चाळकरी
हे मान्य. कलमांचं समर्थन मी करणार नाही. पण वाटसरू, एक विचारू? इतकं खुपतं तर शहरात का नाही राहत?

वाटसरू
शाळा, आणि भाडं. हसा आता.

बाय द वे, साउथडेलचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. त्याला मॉलमध्ये गावचा चौक हवा होता, झालं भलतंच. आईला मात्र चौक सापडलाय. सकाळी दुकानं उघडायच्या आत मॉलमध्ये दहा-बारा म्हातारी माणसं गोल गोल चालतात, त्यांच्यात तीही असते. एका गुजराती बाईंशी गट्टी जमलीय. तिथवर अर्थात मीच गाडीनं सोडतो.