मुदतठेव आणि पहिले तेरा दिवस

स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी वेगळी मुदतठेव करून नामनिर्देशन केले (नॉमिनी नेमला) की सोय झाली, असे काहीजण सुचवतात; हे मत मला अर्धेच पटते. शववाहिनी, गुरुजींची दक्षिणा, दहाव्या-बाराव्याचा खर्च हे सारे तेरा दिवसांतच करावे लागते. नामनिर्देशित व्यक्तीला मात्र मृत्यूचा दाखला मिळाल्यावरच दावा करता येतो, आणि कागदपत्रे पूर्ण झाल्यावरही तो निकाली काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना 15 दिवसांचा अवधी दिलेला आहे. त्यापेक्षा ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशा संयुक्त बचत खात्यात ही रक्कम ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते. संयुक्त मुदतठेवच हवी असेल, तर एका धारकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला ती मुदतीपूर्वी मोडता यावी, अशी संमती दोघांच्या सह्यांनी बँकेत आधीच नोंदवून ठेवावी.