पेल ग्रँट : शिष्यवृत्ती म्हणायचं की अनुदान?

मुग्धमोगरा : अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी कॉलेजच्या सरकारी मदतीचं माहितीपत्रक करतेय. फेडरल पेल ग्रँटला मी शिष्यवृत्ती लिहिलं, सोबतच्या ताईंनी खोडून अनुदान केलं. अनुदान म्हटलं की मला संस्थेला मिळालेले पैसे वाटतात, कॉलेजात जाणारी पोर नाही.

उत्तररात्र : ताईंचं बरोबर आहे. शिष्यवृत्ती वाचलं की लोकांना मार्क आठवतात, आणि पेल मार्कांवर नाहीच, घरची आर्थिक परिस्थिती बघून मिळते. जेमतेम मार्कांची मुलगी असेल तर आई म्हणणार आपल्याला कुठली मिळायला, आणि फॅफ्सा, म्हणजे या सरकारी मदतीसाठीचा फॉर्म, भरायचाच राहणार. 2024-25 ला कमाल रक्कम 7,395 डॉलर होती, एका शब्दापायी एवढे पैसे घालवायचे?

जुनापाना : 'वृत्ती' म्हणजे उपजीविका हो! त्यात हुशारी कुठाय? मार्क आपण नंतर चिकटवले. नाहीतर विद्यावेतन लिहा.

टिपकागद : विद्यावेतन नको, वेतन कामाचं असतं. तिथे वर्क-स्टडी वेगळी आहे, नोकरी करून पैसे मिळतात, त्याच्याशी गोंधळ होईल. सरळ ग्रँट लिहा, फॉर्मवर तेच दिसणारे.

जुनापाना : मग मराठीत लिहायचंच कशाला? वर्षासन हा आपला चांगला शब्द पडूनच आहे. फॅफ्साही दरवर्षी नव्याने भरतात.

टिपकागद : वर्षासन पिढ्यानपिढ्या चालायचं, पेल जास्तीत जास्त बारा सेमिस्टरपुरती, पहिली पदवी मिळाली की बंद. बाकी ग्रँट आणि क्रेडिट दोन्ही लॅटिनमधल्या विश्वास ठेवण्याच्या एकाच क्रियापदातून आलेत, क्रेडिट फेडायचं, ग्रँट नाही, मला हे फार आवडतं.

मुग्धमोगरा : तेच तर शब्दातून कळायला हवंय! अनुदान वाचून एका काकांनी व्याज किती विचारलं.

उत्तररात्र : फेडायचं नाही असंही सरसकट लिहू नका, सेमिस्टर मध्येच सोडलं तर काही भाग परत मागू शकतात. आणि नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसलेल्या बहुतेकांना मिळत नाही हे ठळक लिहा.

सायलीवेल : माझ्या आईला वाटायचं पेल म्हणजे फीचा भार पेलणारी :)

टिपकागद : किती छान! पण ते ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल. 1972 च्या कायद्यात नाव बेसिक एज्युकेशनल ऑपर्च्युनिटी ग्रँट होतं, 1980 मध्ये त्यांचं नाव दिलं.

जुनापाना : बघा, ऑपर्च्युनिटी! मग 'संधी-अनुदान' का नको?

उत्तररात्र : कारण त्या आईला ते फॉर्मवर कुठेच सापडणार नाही.

सायलीवेल : पेलणे मुळात कुठून आलं, कुणी सांगेल का?