चिलखत नंतर, आधी माणसं

भाऊ, 'खान्देशात मध्ययुगीन काळ जगून दाखवणारा गट काढायचाय, चिलखत कुठून आणू?' असं विचारलंय तुम्ही. चिलखत राहू द्या. आम्हीही धुळ्यात तिथूनच सुरुवात केली आणि सहा महिने नुसत्या कड्या विणत बसलो. एका कडीत चार कड्या. बोटं सोलली, बाही एकच झाली.

आधी काळ ठरवा. खान्देशावरची फारुकी सुलतानांची राजवटच १३८२ ते १६०१, दोनशे वर्षांहून जास्त. सगळं एकत्र ढवळू नका. आम्ही १४०० च्या आसपासचं थाळनेर, म्हणजे फारुकींची सुरुवातीची राजधानी, धरलं आणि चिलखताऐवजी कापूस भरून टाके घातलेले अंगरखे शिवले. कापूस गादीवाल्या काकांनी फुकट पिंजून दिला. खरं भांडण जेवणावर झालं. तेव्हा इकडे मिरची नव्हती, शेंगदाणेही नव्हते! मिरी-आल्याचं भरीत खाऊन निम्मी पोरं पळाली. (राहिली ती कामाची.)

तलवार फिरवायला दहा जण येतात, अर्ज लिहायला कोणी नाही. संरक्षित स्मारकात कार्यक्रमाला लेखी परवानगी लागते. आमच्याकडे ते आणि हिशेबाची वही एका निवृत्त तलाठी आप्पांनी घेतली, म्हणून गट टिकला. रविवारी धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी सराव असतो, या. तलवार लाकडीच आणा.