म्यानमारच्या लष्कराने निदर्शकांवर गोळ्या घातल्या, आपल्या खासदारांनी संसदेत निषेध करायला हवा ना?

पामबीच_मीनल (नेरुळ):
नमस्कार, पक्षांवरून भांडण नको प्लीज, मुद्द्यावर बोला. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, निवडून आलेली माणसं आत टाकली, त्यांच्या नेत्या आंग सान सू ची सकट. मग तिथले डॉक्टर, शिक्षक, रेल्वेवाले कामावर जायचे थांबले, रात्री ८ वाजले की लोक खिडक्यांत येऊन भांडी वाजवायचे, हातात दगड नाही की काठी नाही, आणि यांच्यावर गोळ्या. २७ मार्चला एका दिवसात शंभरच्या वर माणसं मेली आणि त्याच दिवशी राजधानीत लष्कराची परेड होती, तिला आपल्या देशाचा प्रतिनिधी हजर होता. मला हे आजही सहन होत नाही. जूनमध्ये युनोत ठराव आला, ११९ देश बाजूने, आपण तटस्थ.

सरकारला सीमा बघावी लागते हे कळतं मला. पण खासदार काही परराष्ट्र खात्याचे नोकर नाहीत ना. टिळकांना इंग्रजांनी १९०८ पासून सहा वर्षं मंडालेला कोंडलं, आणि तिथला शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत कैदेत वारला. इतका संबंध असलेल्या देशासाठी महाराष्ट्राच्या ४८ पैकी एकाने तरी ठराव आणावा असं वाटतं. तुमचं काय मत?

दाणाबाजार_वाशी:
ताई, भावना बरोबर आहे, पण माझं पोट या धंद्यावर आहे म्हणून बोलतो. आमच्याकडे जिला लेमन तूर म्हणतात ती बर्माची, म्हणजे म्यानमारचीच, आणि बाहेरून येणाऱ्या उडदाचा मोठा वाटा तिथूनच येतो. त्याच २०२१ मध्ये आपल्या सरकारने त्यांच्याशी करार केला, वर्षाला २.५ लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर, पाच वर्षं. उद्या संसदेने निषेध केला आणि त्यांनी माल अडवला तर इथे डाळ कडाडणार, आणि तिकडे ती पिकवणारा शेतकरीच आहे, जनरल नाही, तोही मरणार. गोळ्या घालणं चूकच, त्यात वाद नाही.

घोडबंदर_रोड:
माझा विरोध आहे, कारण सांगतो. सीएएवर, म्हणजे आपल्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर, युरोपियन पार्लमेंट ठराव करणार होतं तेव्हा, जानेवारी २०२० मध्ये, आपल्या लोकसभा अध्यक्षांनी, ओम बिर्लांनी, त्यांच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की एका कायदेमंडळाने दुसऱ्यावर निवाडा देणं योग्य नाही. मार्च २०२१ मध्ये ब्रिटिश खासदारांनी शेतकरी आंदोलनावर चर्चा केली तर आपण त्यांच्या हायकमिशनरला बोलावून सुनावलं. मग आता आपण कुठल्या तोंडाने बोलणार? शिवाय सीमा १,६४३ किमी, मणिपूर नागालँडचे अतिरेकी पलीकडे जाऊन लपतात, त्या लष्कराशी संबंध तोडून सीमेवरच्या आपल्या जवानांचं काय?

खारेगाव_कळवा:
घोडबंदर दादा, बिर्लांचं पत्र तुम्ही आणलंत ते बरं झालं, कारण मला वाटतं ते मीनलताईंच्याच बाजूने जातं. एका संसदेने दुसऱ्या संसदेचा मान ठेवावा हाच त्यांचा मुद्दा ना? मग म्यानमारमध्ये तर संसदच उचलून तुरुंगात टाकली, नवं सभागृह १ फेब्रुवारीला भरायचं होतं त्याच पहाटे. तिथे आपण कोणाच्या संसदेवर निवाडा देतोय? लष्कराच्या कृत्यावर देतोय. निवडून आलेल्या माणसाला दुसऱ्या देशातल्या निवडून आलेल्या माणसाबद्दल काही वाटत नसेल तर मग कोणाला वाटणार. आणि ब्रिटिश खासदारांचं म्हणाल तर बोलू द्यावं, आपण उत्तर द्यावं, मला त्यात कमीपणा दिसत नाही.

आपल्या संसदेने हे आधी केलंय. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कर लोकांवर तुटून पडलं आणि ३१ मार्चला इंदिरा गांधींनी मांडलेला ठराव दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला, तेव्हाही सीमा होती, युद्धाचा धोका तर केवढा होता. २००३ ला वाजपेयींचं सरकार असताना इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध लोकसभेने ठराव केला, अमेरिका काय लहान देश आहे का. आणि दक्षिण आफ्रिकेशी तर १९४६ ला, स्वातंत्र्याच्याही आधी, वर्णभेदावरून आपण व्यापार तोडला.

मिझोरामचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये केंद्राने सांगितलं की म्यानमारमधून पळून येणाऱ्यांना अडवा, तर तिथल्या मुख्यमंत्र्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहून नाही म्हटलं, आणि गावोगाव लोकांनी, चर्चनी त्या माणसांना जेवायला घातलं. सगळ्यात जास्त भार ज्यांच्यावर पडला त्यांनी दार उघडलं आणि आपण इथे ठाण्यात बसून सीमेची भीती सांगतोय, मला हे खरंच लागतं.

सीबीडी_बेलापूर:
प्रॅक्टिकल सांगते. अधिवेशनात शुक्रवारी शेवटचे अडीच तास अशासकीय कामाला असतात, त्यात मंत्री नसलेला कुठलाही खासदार ठराव आणू शकतो पण चिठ्ठीत नाव निघावं लागतं आणि असे ठराव मंजूर फार क्वचित होतात. तरी मांडला की चर्चा होते, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, ते रेकॉर्डवर राहतं. मीनल, तुमचं नेरुळ ठाणे मतदारसंघात येतं, तिथल्या खासदारांना पत्र द्या. विधानसभेत जाऊन उपयोग नाही, परराष्ट्राचा विषय केंद्राचा.

पामबीच_मीनल (नेरुळ):
थँक्यू सगळ्यांना. पत्र लिहायला घेते. दोनच मागण्या ठेवते, अटकेतल्या निवडून आलेल्या सदस्यांच्या सुटकेसाठी ठराव, आणि मिझोराममध्ये आलेल्यांना जबरदस्तीने परत पाठवू नये.

दाणाबाजार_वाशी:
डाळीच्या कराराला हात लावू नये अशी ओळ घाला, मी सही करतो, मार्केटमधले अजून चारजण करतील.

पामबीच_मीनल (नेरुळ):
काका, ती ओळ नाही घालणार, माणसं मेल्याच्या पत्रात डाळीचा करार कसा लिहू. पण आम्ही व्यापारबंदी मागत नाही एवढं स्पष्ट लिहिते. त्यावर चालत असेल तर रविवारी सकाळी येते मार्केटला.