पुण्याचा नगर रस्ता: मेट्रो वाघोलीला पोचेपर्यंत बसला वेगळी लेन हवी की नको?

दुभाजक:
रामवाडी-वाघोली मेट्रोला केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली. त्याच मंजुरीतला वनाझ-चांदणी चौक हा शहराच्या दुसऱ्या टोकाचा मार्ग धरून १२.७५ किमी, १३ स्थानकं, मुदत चार वर्षं. काम वेळेत झालं (झालं तर!) तरी तोवर खराडी-वाघोलीचा सगळा भार रस्त्यावरच. २०१६ला सुरू झालेली बीआरटी (रस्त्याच्या मध्यभागी बससाठी राखीव लेन) तर उखडूनही झाली. आपल्या या मंचाच्या निवेदनात बसची लेन परत मागावी, असं माझं मत.
हिशेब बघा. जाऊन-येऊन साधारण २० किमी धरा. ताशी १२ किमीने १०० मिनिटं, टोकांवर १० मिनिटं थांबा, एकूण ११०. दर ५ मिनिटांनी बस द्यायची तर २२ गाड्या लागतात. वेग २० झाला की फेरी ७० मिनिटांत, १४ गाड्यांत भागतं. म्हणजे नुसत्या लेनमुळे आठ गाड्या मोकळ्या. एकही नवी बस न घेता.

खराडीकर:
कागदावर झकास. बीआरटी असताना तो २० चा वेग मिळाला का? लेन मध्यभागी, थांबेही मध्यभागी, म्हणजे प्रत्येक प्रवासी आधी अर्धा रस्ता ओलांडणार. चौकात बस सरळ जाणार आणि तिच्या डावीकडच्या लेनमधली गाडी उजवीकडे वळणार. दोघांना एकाच वेळी हिरवा देता येत नाही. म्हणून सिग्नलला जादा टप्पा, आणि जादा टप्प्याने सगळ्यांचंच थांबणं वाढतं, बसचंसुद्धा. विमाननगर चौकात हेच व्हायचं. वर दुचाकीवाले आत घुसायचे ते वेगळंच.

दुभाजक:
मध्यभागी मागतच नाहीये. तिथे आता मेट्रोचे खांब येणार, खांबांचा पाया खोदायला (पाइलिंग) पत्र्याचं कुंपण लागणार. लेन डाव्या कडेची हवी. रामवाडी ते खराडी बायपास, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९. बाकी वेळ सगळ्यांना खुली.

तिकीटखिडकी:
डावी कडा? चंदननगरला डाव्या कडेला काय असतं ते सांगते: रिक्षा, टेम्पो, हातगाड्या आणि दुकानासमोर ‘दोनच मिनिटं’ लावलेल्या गाड्या. बसला थांब्याला लागताच येत नाही, मग ती दुसऱ्या लेनमध्ये उभी राहते आणि लोक रस्त्यात उतरून चढतात. एक टेम्पो उभा राहिला की पांढऱ्या पट्ट्याची किंमत शून्य. मध्यभागी लेन करतात ती याचसाठी. हौस म्हणून नव्हे.

खराडीकर:
+१. आणि रस्ता तीन लेनचा, त्यातली एक बसला दिली की उरलेल्या दोनमध्ये रांग दीडपट. ती मागच्या चौकापर्यंत गेली की बससुद्धा त्याच रांगेत अडकणार.

दुभाजक:
माणसं मोजा, गाड्या नको. ५ मिनिटांना एक म्हणजे तासाला १२ बस, प्रत्येकी ६० माणसं: ७२०. सिग्नलवाल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला ७००-८०० मोटारी निघतात, बहुतेकींत एकच माणूस.

खराडीकर:
मग तुमच्याच आकड्याने लेन हरली की! ७२० माणसं बसमध्ये आणि ८०० मोटारींत निदान तेवढीच. १२ बससाठी लेन राखीव ठेवणं परवडत नाही. वाघोलीबरोबरच खराडी आयटी पार्क, लोहगाव अशा सगळ्या मार्गांच्या बस एकाच पट्ट्यातून गेल्या आणि दर दोन मिनिटांना एक झाली, तरच बोला.

दुभाजक:
हे मान्य. निवेदनात ‘सगळे मार्ग मिळून तासाला किमान ३० बस’ ही अट घालू. तेवढ्यांत १,८०० माणसं जातात.

मिडीबस:
लेनवर एवढं भांडताय, पण खरी अडचण रामवाडी स्थानकाबाहेर आहे. मेट्रो दर काही मिनिटांनी येते, फीडर (स्थानकातून आसपासच्या वस्तीत नेणारी बस) अर्ध्या तासाने. अर्धा तास कोण थांबेल? शेअर रिक्षात बसतो. मग ‘फीडर रिकामी धावते’ म्हणून फेऱ्या अजून कमी करतात. सहा किमीचा गोल मार्ग असेल तर फेरी ४० मिनिटांची. चार मिडी (आखूड) बस दिल्या की दर १० मिनिटांना एक. बारा मीटरची बस गल्लीत वळत नाही, ती मागूच नका.
शिवाय दुहेरी तिकीट. जून २०२५ पासून पीएमपीचं, म्हणजे शहर बसचं, तिकीट ५ किमीपर्यंत १० रुपये, ५ ते १० किमीला २०, मासिक पास १,५०० रुपये. तो पास मेट्रोत चालत नाही. वाघोलीहून डेक्कनला जाणारा दोन्हीकडे पैसे भरतो. त्यापेक्षा दुचाकीचं पेट्रोल स्वस्त पडतं.

तिकीटखिडकी:
फीडरला पाठिंबा. पण ती मिडी बससुद्धा त्याच विमाननगर चौकात अडकणार आहे, हे लिहा. चाळीस मिनिटांची फेरी साठवर गेली की तुमचे १० मिनिटांचे झाले १५.

मिडीबस:
तर मग चौकाच्या अलीकडे तेवढी ६०-७० मीटर लेन बसला द्या, पूर्ण रस्ता नको. बस रांगेच्या पुढे जाऊन थांबेल आणि हिरवा लागला की पहिली निघेल.

खराडीकर:
याला माझा विरोध नाही. पण त्या ६०-७० मीटरमध्ये रिक्षा उभी राहिली तर उचलणार कोण, पालिका की वाहतूक शाखा? एकाच खात्याचं नाव घाला. दोघांना पत्र गेलं की दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.