निळा पडदा आणि आपलं हसणं: मुद्दा हसण्यावारी जातोय का?

उंबरठा (धागाकर्ता)

मी पुण्यात नवीन लागलेल्या प्रोग्रामरांना शिकवतो. गेल्या महिन्यातल्या वर्गात नऊ जण होते. त्यांना विचारलं, १९ जुलै २०२४ला जगभरातले विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, ते कशामुळे? सगळा वर्ग हसला. "सर, शुक्रवारी डिप्लॉय केलं ना!" एक मुलगी म्हणाली, "इंटर्नचा पहिला दिवस होता." मीम्स सगळ्यांना पाठ होती (डिप्लॉय म्हणजे नवा कोड प्रत्यक्ष वापरात सोडणं). कारण एकालाही सांगता आलं नाही.

ज्यांना तो दिवस नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनी. तिच्या फाल्कन या संगणकाची राखण करणाऱ्या प्रोग्रामसाठी आपल्या वेळेने सकाळी ९:३९ला एक छोटी फाइल सुटली, १०:५७ला मागे घेतली गेली. ७८ मिनिटं. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख मशिन पडली. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र होती, आपल्याकडे ऑफिसं नुकती भरत होती. हैदराबाद विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीची पुढच्या पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली. फाइल मागे घेऊनही उपयोग नव्हता, कारण मशिन सुरू होतानाच कोसळत होतं. बहुतेक ठिकाणी कोणीतरी मशिनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू करून) ती फाइल पुसायची. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाकायची.

आता कारण. फेब्रुवारीत फाल्कनमध्ये हल्ले ओळखण्याचे नियम भरायचा एक नवीन साचा आला होता. त्यात २१ रकाने होते, पण प्रत्यक्ष कोड २०च रकाने भरून देत होता. एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती तोवर ही चूक झाकलेली राहिली. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा एकविसावा रकाना खरोखर तपासायला सांगितला. कोड नसलेली जागा वाचायला गेला, आणि हे सगळं कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालत असल्याने सोबत अख्खं विंडोज कोसळलं. फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येही दोष होता, त्याने ती पास केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती आधी थोड्या मशिनवर सोडून बघितली नाही, एकदम सगळीकडे गेली.

यात शुक्रवारचा काय संबंध? इंटर्नचा काय संबंध? टप्प्याटप्प्याने सोडायचं नाही असं ज्या पद्धतीने ठरलं होतं, ती पद्धत विनोदातून अलगद सुटली आणि दोष वाराला आणि शिकाऊ पोराला चिकटला. माझं म्हणणं सरळ आहे. दर बातमीवर आपण इतक्या झटपट हसतो की विचारायचा प्रश्न हसण्यावारी जातो. मला हे आपल्या व्यवसायाला लागलेलं वाईट वळण वाटतं.

नीरक्षीर

पूर्ण असहमत. तुमच्या वर्गातल्या मुलांना कारण माहीत नाही, हा शिकवण्याचा प्रश्न झाला. त्याचं खापर विनोदावर कशाला?

'शुक्रवारी डिप्लॉय करू नका' या चार शब्दांत कितीतरी टीमची जागरणं साठलेली आहेत. त्यामागे पक्का हिशेब आहे: काही मोडलं तर ते सावरायला माणसं जागेवर असली पाहिजेत. विनोदाच्या रूपात आला म्हणून तो नव्या पोरापर्यंत पहिल्याच आठवड्यात पोहोचतो. चाळीस पानांचा प्रोसेस डॉक्युमेंट पोहोचत नाही.

दुसरं. आपल्यातले बरेच जण सर्व्हिस कंपन्यांत आहेत. क्लायंटचं नाव घ्यायचं नाही, करारावर सही आहे, अप्रेझल जवळ आलेलं आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अशा माणसाने बोलायचं कुठे? तमाशातला सोंगाड्या पाटलाच्या तोंडावर जे बोलतो ते गावातल्या कोणाला सरळ बोलता येत नाही. आपलं मीम म्हणजे तेच.

आणि हसण्याने कंपन्या हलत नाहीत असंही नाही. ऑगस्ट २०२४मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनात क्राउडस्ट्राइकला सर्वांत मोठ्या फजितीचा प्वनी पुरस्कार मिळाला. कंपनीचे प्रेसिडेंट मायकेल सेंटोनास स्वतः मंचावर आले, तो घेतला, आणि मुख्यालयात सगळ्यांना दिसेल असा ठेवणार म्हणाले. नुसत्या निषेधाच्या पत्राने हे झालं असतं?

उंबरठा

पुरस्काराची गोष्ट मान्य, आणि त्या माणसाने दाखवलेला मोठेपणाही मान्य. पण ६ ऑगस्टला कंपनीने कारणांचा सविस्तर अहवाल काढला, पुढे अशा फाइल टप्प्याटप्प्याने सोडायचं आणि ग्राहकाला त्यावर नियंत्रण द्यायचं ठरलं. त्यामागे विमानं बंद पडलेल्या ग्राहकांचा दबाव होता. ते श्रेय मी मीम्सना देणार नाही.

सोंगाड्याबद्दल: तो पाटलाला बोलतो. आपण इंटर्नला बोललो.

नीरक्षीर

हा मुद्दा लागला. विचार करतो.

देवनागरी_टर्मिनल

वरचा 'कोणाला बोललो' हाच खरा प्रश्न वाटतो, म्हणून एक उदाहरण देते. ते मला अजून सोडत नाही.

२९ मार्च २०२४ला उघड झालेली गोष्ट. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कामात असताना जाणवलं की एसएसएचने (दूरच्या मशिनवर सुरक्षित शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यांनी माग काढला आणि एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या, लायब्ररीच्या (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये पेरलेलं चोरदार (बॅकडोअर) सापडलं. त्या अर्ध्या सेकंदावर आपण सगळे मनापासून हसलो, कौतुकाने हसलो. ते हसणं चांगलंच होतं.

पण त्याआधीचं बघा. ही लायब्ररी लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षं जवळपास एकटे सांभाळत होते. २०२२मध्ये काही नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: नवीन आवृत्ती कधी, एवढा उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्यांनी उत्तरात लिहिलं की बऱ्याच काळापासून मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत, आणि हे बिनपगारी, छंदाचं काम आहे. पुढे 'जिया टॅन' नावाच्या मदतनीसाच्या हाती अधिकार गेले, आणि चोरदार त्यानेच पेरलं. तगादा लावणारी ती नावंही बहुधा खोटीच होती.

त्या तगादेवाल्यांचा संशय कोणाला आला नाही, हे मला जास्त बोचतं. का आला नाही? कारण फुकट काम करणाऱ्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) टोचून बोलणं ही आपली रोजची भाषा आहे. त्यांना वेगळा आवाज काढावाच लागला नाही, आपलाच उसना घेतला. म्हणून 'थोडी मस्करी, त्यात काय' हे मी आता ऐकून घेत नाही. मोठ्या कंपनीवर हसा, खुशाल हसा. एकट्या, थकलेल्या माणसाकडे बोट दाखवून हसू नका.

तिसरी_पाळी

मी बारा वर्षं ऑन-कॉल करतोय, म्हणजे सिस्टिम बिघडली की रात्रीअपरात्री उठून धावतोय, आणि विनोदाच्या बाजूने उभा आहे. एका क्लायंटकडे रात्री दीडला माझ्या हातून चुकीच्या सर्व्हरवर कमांड गेली होती. हात थरथरत होते. कॉलवरची एक सीनिअर बाई एवढंच म्हणाली, "चल, आता तूही आमच्या क्लबात." चौघे हसले, मीही हसलो, आणि मगच माझं डोकं चालायला लागलं. पहाटे पाचला डेटा परत आला. त्या जागी कोणी गंभीर आवाजात जबाबदारी विचारली असती तर मी आणखी काहीतरी मोडून ठेवलं असतं.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या, कंपनीतही असंच झालं. थकलेल्या इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपचे पाच मार्ग होते, एकही धड चालत नव्हता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि जाहीर केलेल्या नोंदीत त्या इंजिनिअरला 'टीम मेंबर १' म्हटलं. लोक हसत होते, पण त्याच लोकांनी 'हगऑप्स' (सिस्टिम सांभाळणाऱ्यांना मिठी) लिहून धीरही दिला. एकाच घटनेत दोन्ही झालं. उंबरठा सर, तुम्ही म्हणता तसं हसण्याने कारण झाकलं जात असेल, तर गिटलॅबचे ते पाच निकामी बॅकअप आजही लोकांच्या तोंडी कसे? बॅकअप परत आणून बघितल्याशिवाय तो बॅकअप नाही, हे कित्येक जण त्या प्रसंगामुळे शिकले.

उंबरठा

याला उत्तर द्यायला मला वेळ लागला. फरक असा दिसतो की गिटलॅबने कारण पहिल्याच दिवशी उघड्यावर ठेवलं, म्हणून विनोद कारणावर झाले. क्राउडस्ट्राइकच्या वेळी पहिल्या काही तासांत कोणालाच काही ठाऊक नव्हतं, तेव्हा विनोद हाताला लागेल त्यावर झाले. कारण कळेपर्यंत हसून झालं होतं, पुन्हा वाचायला कोणी आलं नाही. म्हणजे माझी तक्रार हसण्यापेक्षा हसून उठून जाण्याबद्दल जास्त आहे. माझं पहिलं मत तेवढं बदलतो.

माळरान

पहिल्यांदाच लिहितोय. मी लातूर जिल्ह्यातला, मागच्या वर्षी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालं, अजून नोकरी नाही.

एआय कोड लिहिणार, नवीन भरती कमी होणार, अशी बातमी आली की ग्रुपवर सीनिअर लोकांचे दोन विनोद ठरलेले: "चला, वडापावची गाडी टाकू" आणि "गावी जाऊन शेती करू". त्यांच्याकडे फ्लॅट आहे, दहा-पंधरा वर्षांचा अनुभव आहे. माझ्या घरी साडेतीन एकर कोरडवाहू आहे. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी माझी फी भरायला आईने गळ्यातलं मोडलं, ते शेती करावी लागू नये म्हणूनच. 'शेती करू' हे माझ्या घरात कोणी हसत म्हणत नाही.

मला राग नाही. पण तुम्ही हसता तेव्हा आमच्यासारखे वाचत असतात, आणि त्यातून आम्हाला एवढंच कळतं की मोठ्यांकडेही उत्तर नाही. उत्तर नसेल तर तसं सांगा. काय शिकू, कुठे अर्ज करू, एवढं एक वाक्य पुढे लिहा.

नीरक्षीर

माळरान, तो शेतीचा विनोद मी स्वतः केलेला आहे, अनेकदा. यापुढे करणार नाही. एआयमुळे भरतीचं पुढे काय होणार हे मला खरंच सांगता येत नाही. जे सांगता येतं ते सांगतो: दुसऱ्याने किंवा मशिनने लिहिलेला कोड वाचून त्यातली चूक दाखवता येणारा माणूस मुलाखतीत लगेच उठून दिसतो, मी मुलाखती घेतो म्हणून सांगतो. एखाद्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पातला जुना, पडून राहिलेला बग घे, तो पुन्हा घडवून दाखव, कारण लिही. इंग्रजीची धास्ती असेल तर आधी मराठीत लिही, आपण मिळून इंग्रजी करू. रेझ्युमे मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, रविवारी बघतो.

देवनागरी_टर्मिनल

मीही आहे. पॅच (दुरुस्तीचा कोड) कसा पाठवायचा ते दाखवेन, आणि मेंटेनरने खडसावलं तर तुझ्या बाजूने बोलेन.

तिसरी_पाळी

उंबरठा सर, तुमचा एकवीस आणि वीस रकान्यांचा धडा मराठीत कुठे लिहून ठेवलाय का? आमच्या टीममधल्या मुलांनाही दाखवायचाय.

उंबरठा

लिहिलेला नाही, शनिवारपर्यंत लिहून इथेच टाकतो. पहिल्या पानावर दोन ओळी काढणार आहे, वर एकवीस चौकोन, खाली वीस. मुलांनी एकविसाव्या चौकोनाखाली काय आहे ते आधी मला विचारायचं, मग मीच त्यांना शुक्रवारचं मीम दाखवेन. माळरान, पहिला मसुदा तू वाचशील का? जिथे समजणार नाही तिथे खूण कर.

माळरान

हो सर. वाचतो.