बी.एस्सी. केमिस्ट्री, रबाळ्याच्या रबर कंपनीत ऑफर. जाऊ का?

खारीगावची_अनुजा
नमस्कार मंडळी. यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झाले. रबाळे एमआयडीसीत एका रबर कंपनीने लॅब ट्रेनी म्हणून बोलावलंय, ओ-रिंग, गास्केट, गाड्यांचे बुश बनवतात. मुलाखतीला गेले तर शॉपफ्लोअरवर एकही बाई नाही. लॅबमध्ये एक मॅडम, त्याही महिनाअखेरीस सोडतायत. आईचं म्हणणं, महाप्याला फार्मात क्यूसी, म्हणजे माल तपासायचं काम, बघ, निदान कपडे तरी पांढरे राहतील. बाबांचं पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे तो वास मला घरचाच आहे. पुढे टायर कंपनीत जायचंय. या लाइनीत मुलींना पुढे जाता येतं का? कोर्स कोणता करू?

कंपाउंडवाली
जा. पण लॅबमध्ये मुरून बसू नकोस.

एकोणीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून सांगते. क्यूसीला माणसं ढिगाने मिळतात, कंपाउंडिंग, म्हणजे रबराचं मिश्रण बसवणं, कळणारी मिळत नाहीत. शंभर भाग रबर धरायचं आणि त्यावर कार्बन ब्लॅक, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक अॅसिड, तेल, रबर पकवणारं गंधक आणि ते पकणं लवकर घडवणारं अॅक्सिलरेटर बसवायचं. कागदावर हे सोपं आहे. पण गंधक अर्ध्या भागाने इकडेतिकडे झालं की तोच बुश कडक होतो नाहीतर लिबलिबीत राहतो. गास्केटमध्ये शिकलेलं हे गणित टायरमध्येही चालतं, फक्त तिथे रस्त्याला टेकणाऱ्या ट्रेडचं कंपाउंड वेगळं, बाजूच्या साइडवॉलचं वेगळं, रिमला बसणाऱ्या बीडजवळचं आणखी वेगळं.

एक किस्सा. मे महिना, बॅचमागून बॅच स्कॉर्च होत होती, म्हणजे साच्यात जायच्या आधीच रबर पकायला लागलेलं. रबर कसं पकतं ते मोजणाऱ्या रिओमीटरच्या आलेखात टीएस-टू, म्हणजे पकायला लागेपर्यंतचा वेळ, घसरलेला स्पष्ट दिसत होता. लॅबने अॅक्सिलरेटरच्या लॉटवर खापर फोडलं. मी रबर मळणाऱ्या मिलपाशी जाऊन तिचे रोल गार ठेवणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपला हात लावला, तर पाणी आंघोळीला घ्यावं इतकं कोमट. पाणी गार करणारा चिलर बंद! आलेख लॅबमध्ये निघतो गं, कारण खाली फ्लोअरवर सापडतं. म्हणून जॉइन होतानाच सांग, आठवड्यातून दोन दिवस मिक्सिंगला पाठवा. नाही म्हणाले तर पुन्हा विचार कर.

शिफ्ट_इंचार्ज_घणसोली
ताईंशी सहमत. भर घालतो. टू-रोल मिल हे रबर कारखान्यातलं सगळ्यात धोक्याचं मशीन. दोन रोल आत फिरतात, हात सापडला की सोडत नाहीत. ओढणी, बांगड्या, अंगठी, मोकळे केस चालणार नाहीत. पुरुषांचं कडंही मी काढायला लावतो. शिफ्ट सुरू होताना मिल तातडीने थांबवणारा ट्रिप बार दाबून रोल जागच्या जागी थांबतात का ते बघा. कोणी ‘रोज काय बघायचं’ म्हणालं तर त्या मिलवर उभं राहू नका.

नाइटबद्दल. 1948 च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये बायकांना संध्याकाळी सातनंतर बंदी होती. महाराष्ट्राने 2015 मध्ये ती अटींवर उठवली, त्यात सुरक्षा आणि घरी ने-आण आली. ट्रान्स-हार्बर लोकलने या, असं म्हणणाऱ्याला ही अट दाखवा.

सोडून_दिलेली
थोडं कडू बोलते. मी चार वर्षांत बाहेर पडले, काम आवडत असूनही. लेडीज टॉयलेट पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, चावी अकाउंट्सच्या माणसाकडे. पाळीच्या दिवसांत रोज त्याच्यापुढे उभं राहायचं. मुलाखतीत पगाराआधी टॉयलेट बघ.

दुसरं, रबर साच्यात पकवणाऱ्या क्युरिंग प्रेसचा धूर. रबर उद्योगातल्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कॅन्सरकारक कामांच्या पहिल्या गटात टाकलंय. घाबरवत नाही, पण प्रेसवर एक्झॉस्ट हुड आहे का आणि तो खरंच ओढतो का, ते बघ. दिवस राहिले तर लगेच सांगून तिथून बदली माग, लाजू नकोस.

कंपाउंडवाली
टॉयलेटचं शंभर टक्के खरं. मी सुचवायला हवं होतं, सवय होऊन जाते.

कोर्सचं राहिलं. तुला लांब जायला नको, वागळे इस्टेटमध्येच आयआरएमआरए आहे, रबरची संशोधन संस्था. तिथे जाऊन प्रशिक्षणाची चौकशी कर. नोकरी करत इंडियन रबर इन्स्टिट्यूटचा डिप्लोमाही करता येतो. एम.एस्सी. केलीस तर आयआयटी खरगपूरच्या रबर टेक्नॉलॉजी सेंटरचा विचार कर. टायरसाठी भांडुप, अंबरनाथ, नाशिक, बुटीबोरीला सिएट आहे, चाकणला ब्रिजस्टोन. आणि ठाणे-बेलापूर रोडवरची नोसिल विसरू नकोस, टायरवाल्यांना लागणारी रबर केमिकल्स बनवते. केमिस्ट्रीवालीला तो दरवाजाही आहे.

खारीगावची_अनुजा
सगळ्यांचे आभार. काल परत जाऊन आले. टॉयलेट त्याच मजल्यावर, कडी आतून लागते. हुड चालू होते. रात्रीची गाडी लिहून द्यायला तयार नाहीत, म्हणून ऑफर लेटरमध्ये फर्स्ट आणि जनरल शिफ्टच लिहून घेतली. मिक्सिंगचे दोन दिवस तीन महिन्यांनी म्हणाले. सोमवारी जॉइन होतेय. एकच अडचण, त्यांच्याकडे सेफ्टी शूज सात नंबरपासून पुढे. माझा चार. ठाण्यात कुठे मिळतील?

शिफ्ट_इंचार्ज_घणसोली
वागळेत सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत, लहान नंबर मागवून देतात. पण स्वतःचे पैसे घालू नका, स्टोअरला मागणी लिहून द्या. आणि बूट येईपर्यंत फ्लोअरवर उतरू नका.